एसी सारखा बंद पडतो, दोष कोणाचा?

उन्हाचा तडाखा वाढू लागला, की घरातील वातानुकूलन यंत्रे मध्येच बंद पडल्याच्या तक्रारीही वाढतात. मेकॅनिक येतो, 'गॅस कमी झाला आहे' असे निदान करतो, गॅस भरून पैसे घेऊन जातो आणि चार दिवसांत एमसीबी पुन्हा खाली पडलेला असतो. वास्तविक गॅस कमी झालेला कॉम्प्रेसर सहसा नेहमीपेक्षा कमीच विद्युतप्रवाह घेतो. त्यामुळे एमसीबी पडण्याचे खापर गॅसवर फोडणे बहुतेक वेळा चुकीचे ठरते.

दुरुस्तीपूर्वी नेमके काय बंद पडले, हे पाहावे. संपूर्ण एसी निपचित झाला असेल, तर बोर्डावरील एमसीबी पडलेला असतो आणि तो आपणहून वर येत नाही. याउलट आतला पंखा सुरू आहे, पण हवा गार येत नाही आणि अर्ध्या तासाने गारवा परत येतो, असे होत असेल तर कॉम्प्रेसरवरील ओव्हरलोड प्रोटेक्टर काम करीत असण्याची शक्यता अधिक. कॉम्प्रेसर तापला की ही छोटी चकती त्याचा वीजपुरवठा तोडते आणि निवल्यावर जोडते. येथे मात्र गॅसचा संबंध असू शकतो. परत येणारा थंड गॅसच कॉम्प्रेसरच्या मोटारीला गार ठेवतो. तो कमी पडला की मोटार तापते.

एमसीबीमध्ये दोन यंत्रणा असतात. शॉर्टसर्किट झाल्यास विद्युतचुंबक तत्क्षणी प्रवाह तोडतो, तर प्रवाह मर्यादेपेक्षा थोडा अधिक काळ वाढलेला राहिल्यास आतली द्विधातू पट्टी तापून वाकते. १६ अँपिअरचा एमसीबी सुमारे २३ अँपिअरला तासाभराच्या आत पडायलाच हवा. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण ७ ते ८ अँपिअर घेतो. परंतु जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. म्हणूनच एसीसाठी 'सी' प्रकारचा एमसीबी बसवतात. दिव्यांसाठीचा 'बी' प्रकार तेथे लावला असेल, तर यंत्रात काहीही दोष नसताना तो पडत राहील.

एमसीबी वर करताच पडत असेल, तर तो पुन:पुन्हा वर करण्याचा हट्ट धरू नये. वायरिंगमध्ये किंवा कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगमध्ये शॉर्ट असण्याची शक्यता असते. काही क्षण गुरगुर ऐकू येऊन कॉम्प्रेसर बंद पडत असेल, तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. तो स्वस्तात बदलता येतो; मात्र वीज बंद केल्यावरही त्यात भार शिल्लक राहत असल्याने घरच्यांनी त्याला हात लावू नये.

अर्धा-पाऊण तास चालून, विशेषत: दुपारी, बंद पडणाऱ्या एसीची गोष्ट वेगळी. बाहेरच्या कंडेन्सरवर धूळ बसली, तो गॅलरीत चहूबाजूंनी कोंडला गेला किंवा समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने त्याच्या पात्या झडल्या, की उष्णता बाहेर पडत नाही. गॅसचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर अधिक प्रवाह ओढतो. साध्या पाण्याने केलेली धुलाई येथे अनेकदा पुरेशी ठरते. ढिल्या स्क्रूकडेही सर्रास दुर्लक्ष होते. एमसीबीच्या टोकाशी वायर सैल असेल, तर तो सांधाच तापतो आणि प्रवाह मर्यादेत असूनही एमसीबी पडतो. पिवळा पडलेला किंवा वितळलेला प्लग ही त्याचीच खूण.

व्होल्टेज कमी असणे हेही एक कारण. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर सुरू होण्याची मोटारीची ताकद सुमारे ६० टक्क्यांवर येते. ती फिरत नाही, नुसतीच तापते. अशा भागात स्टॅबिलायझर हवा. वीज जाऊन लगेच आली, तर किमान तीन मिनिटे थांबून एसी लावावा. तोवर आतला दाब समान होतो. नव्या यंत्रांत ही सोय आपोआप असते. इन्व्हर्टर एसी तर हळूहळू वेग घेतात, त्यामुळे सुरुवातीचा झटका त्यांत जवळपास नसतोच.

सर्वांत घातक उपाय म्हणजे १६ च्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवणे किंवा जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालणे. एमसीबी हा प्रथमत: भिंतीतील वायरचा रक्षक असतो. जुन्या इमारतींतील बारीक वायर तापत राहते, तिचे आवरण वितळते आणि आग लागेपर्यंत एमसीबी मात्र जागचा हलत नाही. दीड टनाच्या एसीसाठी बोर्डापासून स्वतंत्र, शक्यतो ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकून घ्यावी. त्याच लाइनवर गीझर किंवा इस्त्री नको.

मेकॅनिक आल्यावर त्याला क्लॅम्प मीटर लावून चालू एसीचा प्रवाह दाखवायला सांगावे आणि तो यंत्राच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. आकडा जुळत असेल आणि तरीही एमसीबी पडत असेल, तर एसी उघडण्याऐवजी वायरमनला बोलवावे.