फिरत्या बाई

तुम्ही नुकतेच वाचायला शिकलात. पहिल्या दिवसांत 'भ' कोणता आणि 'म' कोणता, हे कळत नव्हते ना? 'घ' आणि 'ध' यांचाही घोटाळा होई. पुढे सवय झाली. पण काही मुलांचा हा घोटाळा नववीत गेले तरी सुटत नाही. मूल हुशार असते. तोंडी हिशेब चटकन करते. वाचायला उभे केले की अडखळते. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. तो आळस नव्हे.

आम्ही मुख्याध्यापक होतो तेव्हा आमच्या शाळेत असा एक मुलगा होता. आम्ही त्याला 'ढ' म्हणालो. बाकावर उभे केले. "याला शेतावर लावा," असे त्याच्या वडिलांना सांगितले.

मग शाळेत विशेष शिक्षिका येऊ लागल्या. त्यांच्याकडे अनेक शाळा, म्हणून मुले त्यांना 'फिरत्या बाई' म्हणत. अशा मुलांना कसे शिकवावे, याचे वेगळे शिक्षण त्यांनी घेतलेले असते. बाईंनी त्या मुलाला वाचायला लावलेच नाही. इतिहासाचा धडा स्वतः वाचून दाखवला आणि प्रश्न विचारले. पोराने सगळी उत्तरे बरोबर दिली! आम्ही दाराशी उभे होतो. आमचीच मान खाली गेली.

बाई प्रत्येक मुलासाठी वेगळी आखणी करीत. कोणाला ओळीखाली पट्टी धरून वाचायला शिकवीत. अंध मुलीला सहा ठिपक्यांची ब्रेल लिपी बोटांनी वाचायला शिकवीत. कमी ऐकणाऱ्या मुलाला पुढे बसवीत. आमचे गणिताचे मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलत. "मुलाकडे बघून बोला," हे त्यांना सांगायला धीर लागतो. बाईंनी तेही सांगितले.

दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलत मिळते. तासाला 20 मिनिटे जादा मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपराला चार तास. गरज असेल तर लेखनिक मिळतो. तो खालच्या इयत्तेतला असतो. मूल सांगते, तो लिहितो. त्यासाठी सरकारी इस्पितळाचा दाखला लागतो. आमच्या मुलाचे वडील दाखल्याला तयार होईनात. "पोरावर शिक्का बसंल," म्हणाले.

बाई म्हणाल्या, "दादा, गाव त्याला ढ म्हणतंय. तो शिक्का बरा का?"

वडील गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने बापलेक इस्पितळात गेले.

2016 सालच्या कायद्याने 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क दिला आहे. घरात असे मूल असेल तर शाळेत जाऊन विशेष शिक्षकांची चौकशी करा. दाखल्याचे काम मात्र नववीतच उरका. तपासणीला खेटे पडतात, आणि परीक्षेचा अर्ज थांबत नाही.