चित्र युद्धाचे, खेळ निराळे

दुसऱ्या महायुद्धावर बेतलेले चार व्हिडिओ गेम शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांच्या वेष्टनांत फारसा फरक दिसत नाही. तेच पोलादी शिरस्त्राण, तोच धूर, तेच रणगाडे किंवा विमाने. मात्र २००३ साली आलेल्या 'कॉल ऑफ ड्यूटी'त खेळाडू एका सैनिकाच्या डोळ्यांनी रणांगण पाहतो आणि नेम धरून गोळ्या झाडतो. २००६ च्या 'कंपनी ऑफ हीरोज'मध्ये तो वरून मैदान पाहत तुकड्यांना हुकूम देतो. 'हार्ट्स ऑफ आयर्न'मध्ये समोर असतो जगाचा नकाशा; तेथे कारखाने, पोलाद, तेल यांचा हिशेब मांडत अख्खा देश चालवावा लागतो. आणि 'आयएल-२ स्टर्मोविक'मध्ये विमान धावपट्टीवरून सुखरूप उचलणे हीच नवख्याची पहिली लढाई ठरते. पहिला गेम आवडलेल्या मुलाला वाढदिवसाला तिसरा आणून दिला, तर तो अर्ध्या तासात बाजूला पडण्याचीच शक्यता अधिक.

चित्रपटांच्या बाबतीत ही फसगत होत नाही. युद्धपट, विनोदी, रहस्यपट ही वर्गवारी कथेवरून आणि वातावरणावरून ठरते. व्हिडिओ गेमचे वर्गीकरण मात्र खेळणारा काय करतो यावरून होते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर चित्रपटाचा प्रकार नामावरून ओळखता येतो, गेमचा क्रियापदावरून. पळणे, नेम धरणे, आखणे, जुळवणे, बांधणे यांपैकी प्रधान क्रिया कोणती, हे कळले की प्रकार कळला.

अडचण अशी, की या प्रकारांची नावे कोणी विचारपूर्वक ठरवलेली नाहीत. 'अ‍ॅडव्हेंचर' हा शब्द ऐकून धाडसाची अपेक्षा करणाऱ्याच्या पदरी बहुधा कोडीच पडतात. अमेरिकेतील विल क्राउदर या गुहाभ्रमणाची आवड असलेल्या प्रोग्रॅमरने सत्तरच्या दशकात केवळ मजकुरावर चालणारा गुहेचा खेळ रचला. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली. त्या खेळाचे 'अ‍ॅडव्हेंचर' हे नाव पुढे सबंध प्रकारालाच चिकटले. १९९३ मध्ये 'डूम' गाजला, तेव्हा त्याच्या धर्तीवरील खेळांना काही वर्षे 'डूमच्या नकला' असेच म्हटले जाई. 'फर्स्ट पर्सन शूटर' ही संज्ञा मागाहून रुळली. १९८० च्या 'रोग' या खेळावरून 'रोगलाइक' हा शब्द आला. दर वेळी बदलणारा चक्रव्यूह आणि एकदा मेल्यावर पुन्हा आरंभापासून सुरुवात, ही त्याची लक्षणे. शब्दाचा अर्थ कोशात शोधून येथे काहीच साधत नाही.

सर्वांत जुना आणि ओळखीचा वर्ग 'अ‍ॅक्शन' खेळांचा. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' किंवा उड्या मारत शिडीशिडीने वर चढायला लावणारा १९८१ चा 'डाँकी काँग' यांची भिस्त डोळा आणि बोटे यांच्या मेळावर असते. उड्यांच्या खेळांना 'प्लॅटफॉर्म', समोरासमोरच्या हाणामारीला 'फायटिंग' म्हणतात. मोटारींच्या शर्यती आणि क्रिकेट-फुटबॉलचे गेम यांना वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

खरा गोंधळ होतो तो 'रोल प्लेइंग' म्हणजे आरपीजी या प्रकाराबाबत. त्यातही तलवारी असतात, राक्षस असतात, हाणामारी असते. मग त्याला वेगळे नाव कशाला? याचे उत्तर 'मारिओ'शी तुलना केल्यास मिळते. मारिओ पहिल्या दिवशी जेवढी उंच उडी मारतो, तेवढीच महिन्याभरानेही मारतो. बदलतात ती खेळणाऱ्याची बोटे. आरपीजीत याउलट घडते. तेथे पात्राची ताकद, चपळाई, मंत्रसामर्थ्य आकड्यांत मोजलेले असते आणि लढायांगणिक ते आकडे वाढत जातात. आज अजिंक्य वाटणारा राक्षस चार दिवसांनी सहज लोळवता येतो, कारण मधल्या काळात खेळाडू नव्हे, पात्र मोठे झालेले असते. ही आकडेमोड १९७४ साली अमेरिकेत आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या बैठ्या खेळातून उतरली. जपानमध्ये १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने तिला घरोघर नेले. ज्यांची बोटे मंद, पण चिकाटी दांडगी, त्यांना हा प्रकार मानवतो. कित्येक तास खर्ची पडतात, हे मात्र गृहीत धरावे.

डावपेचांच्या खेळांत दोन घराणी आहेत. एकात बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल असते. १९९१ चा 'सिव्हिलायझेशन' त्यातला. संगणकाविरुद्ध खेळताना चहा करून येईपर्यंत शत्रू तेथे निमूटपणे थांबतो. दुसऱ्यात घड्याळ कोणासाठी थांबत नाही. १९९२ च्या 'ड्यून २'ने त्याचा साचा घडवला, तर १९९७ चा 'एज ऑफ एम्पायर्स' आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये अनेकांनी पाहिला असेल. त्यात लढाई दिसते, पण हार-जीत बरेचदा रणांगणाबाहेर ठरते. लाकूडतोडीला आणि शेतीला लावलेले गावकरी रिकामे बसू न देणारा जिंकतो. सैन्याच्या तमाशात रमलेल्याचे कोठार रिते होते.

याच घराण्यातून एक वेगळी शाखा फुटली. 'वॉरक्राफ्ट ३'मध्ये हौशी मंडळींनी २००३ च्या सुमारास 'डोटा' नावाचा नकाशा रचला. त्यात गाव वसवणे काढून टाकले आणि प्रत्येक खेळाडूकडे एकच वीर ठेवला. पाच विरुद्ध पाच असा सामना. २००९ च्या 'लीग ऑफ लेजंड्स'ने हा प्रकार जगभर नेला. सामना अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक चालतो, त्याला सहसा विराम देता येत नाही आणि मध्येच उठल्यास संघातील चौघे अडचणीत येतात. पळून जाणाऱ्याला खेळाकडून दंडही होतो. ताट वाढून हाक मारल्यावर येणारे 'पाच मिनिटे थांब' हे उत्तर उद्धटपणाचे की नाइलाजाचे, हे पुष्कळदा गेमच्या प्रकारावर अवलंबून असते. चालीचालीच्या खेळात ते निमित्त असते. येथे ते खरे असते. सामना सुरू होण्यापूर्वीच वेळेचा करार करणे घरच्यांच्या हाती आहे, सुरू झाल्यावर नाही.

काही गेमना शेवटच नसतो. १९८९ च्या 'सिमसिटी'त शहर वसवायचे, रस्ते-वीज पुरवायची. जिंकायचे असे काहीच नाही. मॉस्कोत १९८४ साली अलेक्सेई पाजित्नोव यांनी रचलेल्या 'टेट्रिस'मध्ये तर ठोकळे रचता रचता शेवटी हार ठरलेलीच.

अलीकडे भिंती पातळ झाल्या आहेत. २०१७ च्या 'पबजी'ने शूटरचा नेम, सामान हुडकण्याची धावपळ आणि एकच जीव या गोष्टी एकत्र आणून शंभर जणांना एका बेटावर उतरवले. या प्रकाराचे 'बॅटल रॉयल' हे नाव एका जपानी कादंबरीवरून आणि तीवर बेतलेल्या २००० सालच्या चित्रपटावरून आले. भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली, ती गेमच्या प्रकारामुळे नव्हे. कारण दिले होते देशाच्या सुरक्षेचे.

प्रकार कळला म्हणजे सगळे कळले, असेही नाही. हिंसा किती, भाषा कशी, हे वयाच्या शिक्क्यावरून पाहावे लागते. अमेरिकेत १९९४ पासून आणि युरोपात २००३ पासून असे शिक्के मिळतात. पैशाची गोष्ट त्याहून निराळी. एखाद्या निरुपद्रवी फुटबॉलच्या गेममध्येही आत काय निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या 'लूट बॉक्स' पेट्या असू शकतात. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये अशा काही पेट्यांना जुगारच ठरवले. भारतात २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यातही ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि पैशांचे गेम अशी वर्गवारी आहे. शूटर, आरपीजी, डावपेच हे भेद तिला ठाऊक नाहीत. पैसे लावून बदल्यात पैसे जिंकण्याची अपेक्षा आहे का, एवढेच ती विचारते, आणि तो खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा फरकही करत नाही.