द्राक्षगर्भ आणि दहाव्या महिन्याचा प्रश्न

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पाचव्या अध्यायात, रक्तगुल्माची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावर करावी, असे सांगितले आहे. हा पिंड गर्भाप्रमाणे अवयवांनी स्पंदन न पावता गोळ्यासारखा हलतो, या वर्णनावरून आपल्यापैकी काही वैद्य रक्तगुल्म म्हणजेच द्राक्षगर्भ असे समीकरण मांडतात. साम्य आम्हांसही मान्य आहे. परंतु समीकरण स्वीकारले की दहा महिने थांबणे आले, आणि द्राक्षगर्भात थांबणे जिवावर बेतू शकते.

पूर्ण द्राक्षगर्भात केंद्रकातील गुणसूत्रे बहुधा सर्वच्या सर्व पित्याकडून आलेली असतात. गर्भ तयार होत नाही. अपरेचे अंकुर मात्र फुगून द्राक्षांच्या घडासारखे होतात. पेशींच्या वाढीस आवर घालणारे पी-५७ हे प्रथिन मुख्यत्वे मातेकडून आलेल्या जनुकावरून निर्माण होते. साहजिकच पूर्ण प्रकारात अंकुरांच्या आतील पेशींत ते सहसा आढळत नाही. अपूर्ण प्रकारात मातेचा गुणसूत्रसंच असल्याने ते दिसते. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. गर्भाशय रिकामे केल्यावरही विकृती टिकून राहण्याचा धोका पूर्ण प्रकारात सुमारे १५ ते २० टक्के, तर अपूर्ण प्रकारात बहुधा ५ टक्क्यांहून कमी असतो. क्वचित पुढे कर्करोगही होतो.

अपरेच्या या बेसुमार वाढीमुळे एच.सी.जी. हे संप्रेरक पुष्कळदा १ लाख एककांच्या पुढे जाते. त्याचा एक घटक अवटु ग्रंथीस चेतवणाऱ्या संप्रेरकातील घटकासारखाच असल्याने हृदयाची धडधड व हातांना कंप ही लक्षणे दिसू शकतात. छर्दीही तीव्र असते. रक्तस्राव आणि महिन्यांच्या मानाने मोठे गर्भाशय यांच्या जोडीला ही लक्षणे दिसली, तर केवळ रक्तस्तंभक कल्प देऊन रुग्णेस घरी पाठवू नये. त्याच दिवशी सोनोग्राफीसाठी पाठवावे.

औषधालयमालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. संप्रेरक अतोनात वाढले की गर्भचाचणीच्या पट्टीवर रेषा फिकी उमटते, कधी उमटतच नाही. पाळी चुकली आहे, रक्त जाते आहे आणि पट्टी कोरी आहे, अशा स्त्रीला पाळीचे औषध देऊ नये.

शोषणयंत्राने गर्भाशय रिकामे केल्यानंतर एच.सी.जी. प्राकृत होईपर्यंत दर आठवड्यास, व पुढेही तज्ज्ञ सांगतील तोवर तपासावे लागते. त्या काळात गर्भधारणा टाळावी लागते, कारण नवा गर्भ राहिला तर वाढणारे संप्रेरक कशाचे, हे कळेनासे होते. याच सुमारास अशक्तपणासाठी किंवा पुन्हा दिवस राहावेत म्हणून या स्त्रिया आपल्याकडे येतात. फलघृत लिहून देण्यापूर्वी शेवटचा अहवाल कोणत्या तारखेचा आहे, हे विचारावे.