नऊ ते सहाचा हिरो

ऑफिसला जाणाऱ्या साध्या पोराला अमोल पालेकरांनी पडद्यावर भाव मिळवून दिला. पण त्यांच्याकडून उचलण्यासारखा खरा फंडा ऑफिस सुटल्यानंतर सुरू होतो...

आपल्या हिंदी सिनेमातला हिरो पोटापाण्यासाठी नक्की काय करतो, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? तो गातो, दहा जणांना लोळवतो, गाण्यासाठी थेट स्वित्झर्लंड गाठतो. पण त्याचा पगार कितव्या तारखेला होतो? रजा किती शिल्लक आहे? अप्रेझलचं काय झालं? कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

सत्तरच्या दशकात मात्र एक असा हिरो येऊन गेला, ज्याच्याकडे या सगळ्याची उत्तरं होती. साधा शर्ट, नीट भांग, चेहऱ्यावर थोडा संकोच. अमोल पालेकर. माझ्या आई-बाबांच्या पिढीचा हा माणूस मला सापडला तो मोबाइलवर, ठाणे ते अंधेरीच्या रोजच्या प्रवासात. एकेक सिनेमा तीन-तीन दिवसांत, तुकड्यातुकड्यांनी बघितला. आणि दर वेळी वाटलं, अरे, हा तर आपल्याच फ्लोअरवर बसतो!

डोक्यात प्रमोशन, मनात ती

१९७४ मध्ये बासू चटर्जींचा ‘रजनीगंधा’ आला. मन्नू भंडारींच्या कथेवर बेतलेला. त्यातला संजय आठवतोय? मैत्रीण ताटकळत बसलीय, हा आरामात उशिरा उगवतो आणि वर ऑफिसातलं राजकारण ऐकवत बसतो! विद्या सिन्हाचा चेहरा बघून वाटतं, हिला आत्ताच्या आत्ता कॉफी पाजावी. पण तोच संजय मनापासून प्रेमही करतो. त्याला ते डायलॉगमध्ये बोलता येत नाही, एवढंच.

१९७५ हे साल ‘दीवार’ आणि ‘शोले’चं. पडद्यावर संतापाची लाट आली होती. आणि लगेच १९७६ मध्ये ‘छोटी सी बात’मधला अरुण बस स्टॉपवर उभा राहिला. आवडत्या मुलीशी बोलायला घाबरणारा. (तिच्या मागे मागे ऑफिसपर्यंत जाणं आज कुणी खपवून घेणार नाही मंडळी, तेवढं सोडून द्या!) धमाल म्हणजे या सिनेमात खुद्द अमिताभ बच्चन पाहुणा म्हणून येतो, तोही अशोक कुमारच्या कर्नलकडे सल्ला मागायला. त्याच साली ‘चितचोर’ आला. अँग्री यंग मॅनच्या जमान्यात एक लाजरा कारकून तिकीटबारीवर टिकून राहिला. सही ना?

बँक, तालीम आणि रंग

हा अभिनय इतका अस्सल कसा? सोपं उत्तर आहे. पालेकरांनी ते आयुष्य जवळून पाहिलं होतं. मुंबईतलं निम्न मध्यमवर्गीय घर, वडील पोस्टात नोकरीला. आणि सिनेमात येण्याआधी स्वतः पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरी करत होते.

पण खरी गंमत बँकेबाहेर होती. त्यांचं शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं. म्हणजे मुळात चित्रकार. साठच्या दशकाच्या शेवटी ते सत्यदेव दुबेंच्या नाटकांत आले. दुबेंनीच तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर १९७१ मध्ये सिनेमा केला, त्यातही पालेकर होते. १९७२ मध्ये त्यांनी ‘अनिकेत’ ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. नाव, पैसा, पोस्टर... तेव्हा यातलं काहीच नव्हतं. प्रायोगिक नाटक करून कुणाचं घर चालत नाही, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं.

पालेकर स्वतःबद्दल नेहमी सांगतात, की आपण शिक्षणाने चित्रकार, अपघाताने नट, नाइलाजाने निर्माता आणि स्वतःच्या निवडीने दिग्दर्शक. जगाने ज्याला डोक्यावर घेतलं, ते ‘अपघाता’च्या खात्यात! माझ्या व्हिजिटिंग कार्डावर जे छापलंय, ते यातल्या कुठल्या खात्यात जाईल, असा विचार मी त्या दिवशी बराच वेळ करत होतो. उत्तर फार सुखाचं नव्हतं.

चांगल्या मुलाचा कंटाळा

आता १९७७ बघा. लागोपाठ सिनेमे चाललेत, ‘शेजारचा चांगला मुलगा’ ही इमेज पक्की झालीय. तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? तेच पुन्हा केलं असतं. वर्षाला इन्क्रिमेंट मिळतंय ना, मग कशाला उगाच हात पोळून घ्या?

पालेकरांनी त्या वर्षी श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’त केशव दळवी केला. बायकोच्या कमाईवर जगणारा, तिच्यावर संशय घेणारा नवरा. समोर स्मिता पाटील. हा केशव बघताना अरुण-संजय कुठल्या कुठे पळून जातात, अंगावर काटा येतो.

त्याच वर्षी भीमसेन यांचा ‘घरौंदा’. एकाच ऑफिसातले दोघं मुंबईत स्वतःचं घर घ्यायला पै पै जमवतात आणि बिल्डर पैसे घेऊन पसार होतो. मग बॉस त्या मुलीला मागणी घालतो. बॉसच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. आणि आपला ‘चांगला मुलगा’ काय म्हणतो? कर लग्न. म्हातारा आजारी आहे, किती दिवस जगणार? नंतर सगळं आपलंच! ज्यांनी मुंबई-पुण्यात वन बीएचकेचा ईएमआय काढलाय, त्यांनी हा सिनेमा एकट्याने बघू नये. चौरस फुटांच्या हिशोबात माणूस कुठवर घसरतो, ते पालेकर आवाज न चढवता दाखवतात.

बॉसपासून लपवलेला छंद

१९७९ चा हृषीकेश मुखर्जींचा ‘गोलमाल’ तर तोंडपाठ असतो सगळ्यांना. पण पुन्हा एकदा बघा, ऑफिसवाल्याच्या नजरेने. सीए झालेल्या रामप्रसादला खेळांचं वेड, गाण्याचं वेड. आणि बॉस भवानी शंकरचं ठाम मत, की तरुण पोराला कामाशिवाय दुसरा नाद असताच कामा नये. हॉकीची मॅच बघायला रामप्रसाद आईच्या आजारपणाची थाप मारतो, पकडला जातो आणि मग त्याला चक्क जुळा भाऊ जन्माला घालावा लागतो! या भूमिकेसाठी पालेकरांना ‘फिल्मफेअर’चं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. हसून हसून पोट दुखतं, पण दुखणं आपलंच आहे. पगारासाठी एक माणूस आणि जगण्यासाठी दुसरा. आपण मिशी काढत नाही, एवढाच फरक.

खुर्ची सोडताना

पारितोषिक हातात, नाव घराघरात. आणि १९८१ मध्ये पालेकर कॅमेऱ्यामागे गेले. पहिला सिनेमा मराठी, ‘आक्रित’. मानवतच्या हत्याकांडावर आधारलेला, लेखन विजय तेंडुलकरांचं. म्हणजे ‘गोलमाल’च्या चाहत्यांना न झेपणारा विषय! पुढे ‘बनगरवाडी’, र. धों. कर्व्यांवरचा ‘ध्यासपर्व’ आणि २००५ मध्ये शाहरुख-राणीचा ‘पहेली’, जो भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला. मोठ्या पडद्यावरचा चेहरा हळूहळू दुर्मिळ होत गेला.

२०२३ मध्ये ‘फर्जी’ या वेब सिरीजमधले आजोबा बनून ते परत आले, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या ज्युनिअर पोरांनी विचारलं, ‘हे काका कोण? कसले भारी आहेत!’ २०२४ मध्ये ‘ऐवज’ हे आत्मचरित्र आलं, त्याच वर्षी त्यांनी ऐंशी पूर्ण केली. आणि चित्रकला? ती सोबत होतीच.

मग काय, राजीनामा?

माझ्या बाजूच्या डेस्कवरचा मित्र कॉलेजात एकांकिका गाजवायचा. प्रमोशन झालं आणि तालमी बंद पडल्या. गेले सहा महिने त्याचं एकच पालुपद, ‘सोडू का रे नोकरी?’ घरी आईची औषधं, डोक्यावर लोन. ‘सोड’ म्हणायला माझं काय जातं?

मी त्याला पालेकरांची गोष्ट सांगितली. हा माणूस बँकेत होता तेव्हाही नाटकवालाच होता, आणि स्टार झाला तेव्हाही चित्रकार. नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्न नंतरचा. संध्याकाळ सोडायची नाही, हे आधी. ती सांभाळली असेल तर खुर्ची बँकेची असो की स्टारची, त्यातून उठताना पाय लटपटत नाहीत.

मित्राने राजीनामा दिलेला नाही. मागच्या आठवड्यात तो बॉसच्या केबिनमध्ये गेला आणि मंगळवार-गुरुवार सहाला निघायची परवानगी घेऊन आला. कारण विचारलं, तर सरळ सांगितलं, ‘सर, नाटकाची तालीम आहे.’

आई ठणठणीत आहे त्याची!