एक विश्वास, अनेक मंडळ्या: महाराष्ट्रातील रिफॉर्म्ड परंपरा

रिफॉर्म्ड ही प्रोटेस्टंट पंथाची सोळाव्या शतकात झ्युरिक आणि जिनिव्हा येथे आकाराला आलेली शाखा. शास्त्र सर्वांत वर आणि मंडळीचा कारभार पाळक व निवडलेल्या वडिलांच्या हाती, ही तिची दोन मुख्य सूत्रे. महाराष्ट्रात ही परंपरा दोन वाटांनी आली. अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल मताचे होते. त्याचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. स्कॉटिश मिशन प्रेस्बिटेरियन होते. पहिल्या मतानुसार प्रत्येक मंडळी आपल्या कारभाराची स्वतः मालक. दुसऱ्या मतानुसार स्थानिक सेशनवर प्रेस्बिटरी आणि तिच्यावर सिनड. शिकवण जवळजवळ एकच, पण अखेरचा शब्द कोणाचा याचे उत्तर वेगळे.

काँग्रिगेशनल मताचा कस अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) लागला. तिथली पहिली मंडळी १८३३ ची. हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण मोडक यांना १८५४ च्या सुमारास पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि मंडळीची धुरा मराठी माणसांकडे जाऊ लागली. मंडळीने स्वतःचा कारभार पाहावा, स्वतःचा खर्च भागवावा आणि स्वतःच सुवार्ता पसरवावी, असा आग्रह बोस्टनच्या मिशन बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन धरत होते. प्रत्यक्षात खर्चाचे गणित जुळायला फार काळ लागला. दुष्काळी नगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मंडळीने पाळकाचा पगार उभा करणे सोपे नव्हते. स्वातंत्र्य कागदावर मिळते, वर्गणीशिवाय टिकत नाही.

छत्रपती संभाजीनगरात चर्च मिशनरी सोसायटीचे, म्हणजे अँग्लिकन मताचे काम रतनजी नवरोजी या पारशी कुळातल्या पाळकांनी वाढवले. तिथून साधारण साठ किलोमीटरवरच्या जालन्यात मात्र प्रेस्बिटेरियन मंडळी उभी राहिली. तिच्यामागे नारायण शेषाद्री होते. ब्राह्मण कुटुंबातल्या या तरुणाने १८४३ मध्ये मुंबईत रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. १८५४ मध्ये ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे दीक्षित पाळक झाले. निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. धर्मांतरितांत मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने होते. त्यांना गावगाड्याबाहेर पोटापाण्याचा आधार देणे ही तिथल्या सेवेची पहिली गरज होती, म्हणून उपासनेबरोबर शेती, शाळा आणि वस्ती आली. स्कॉटलंडच्या कोणत्याही नियमावलीत असे गाव वसवण्याचे कलम नव्हते. श्रद्धा एडिनबरोची, पण काम मराठवाड्याच्या मातीने ठरवलेले. स्थानिक सेवेचे याहून चांगले उदाहरण या परंपरेत क्वचितच सापडेल.

निरनिराळ्या देशांच्या मिशनांनी वाढवलेल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९०४ मध्ये एकत्र आल्या आणि प्रेस्बिटेरियन चर्च इन इंडियाने अवघ्या बारा कलमांचा विश्वासाचा जाहीरनामा स्वीकारला. वेस्टमिन्स्टरचा कबुलीनामा, वेल्श कबुलीनामा आणि डॉर्टच्या सिनडचे ठराव यांचा प्रस्तावनेत आदराने उल्लेख झाला, पण भारतीय पाळकाला आणि वडिलाला बांधून घेतले ते या बारा कलमांनीच. हा निर्णय शहाणपणाचा होता. युरोपातल्या शतकांपूर्वीच्या वादांची ओझी वाहण्याची सक्ती टळली आणि गाभा सुटला नाही. कोरियाच्या प्रेस्बिटेरियन चर्चने १९०७ मध्ये हाच जाहीरनामा जवळपास जसाच्या तसा घेतला.

१९२४ मध्ये काँग्रिगेशनल मंडळ्याही येऊन मिळाल्या आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया स्थापन झाली. पुढचे पाऊल अधिक अवघड होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली, तेव्हा अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स यांच्याबरोबर ही मंडळीही तिच्यात सामील झाली. वडिलांच्या परंपरेने बिशप मान्य केला, मात्र त्या पदाचा एकच ठराविक अर्थ मानण्याची सक्ती कोणावर राहिली नाही. बाप्तिस्म्याबाबतही दोन्ही रीती राहिल्या: काही घरांत तान्ह्या बाळाचा, काहींत विश्वास कबूल केल्यावर. ईशान्येतील प्रेस्बिटेरियन चर्च मात्र या ऐक्याबाहेर राहिली.

उपासनेत हा समतोल सर्वांत सहज साधला. एकोणिसाव्या शतकातच नगरकडे ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले: टाळमृदंगाची साथ, पूर्वरंग, उत्तररंग आणि बायबलमधले आख्यान. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवीतून गीते दिली. ती आजही मराठी मंडळ्यांच्या गळ्यात आहेत. या बदलाने शिकवण पातळ झाली नाही, उलट ती लोकांच्या तोंडी बसली.

कोंडी आहे ती जमीन आणि नेमणुका यांत. मिशनच्या काळातली देवळे, बंगले, शाळा, दवाखाने ट्रस्टच्या नावावर असतात. पाळकाची बदली धर्मप्रांत करतो. मंडळी वर्गणी देते, डागडुजीलाही धावते, पण विक्री किंवा बदलीच्या वेळी तिचा शब्द तोकडा पडतो. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या दाव्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की संस्था विसर्जित करण्याची कायदेशीर रीत पाळली नसेल, तर केवळ ऐक्याच्या ठरावाने तिची मालमत्ता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे जात नाही. ब्रदरन ही रिफॉर्म्ड शाखा नव्हे, पण प्रश्न तोच आहे. मराठी मंडळ्यांना श्रद्धेबाबत तडजोडीची वाट सापडली. मालमत्तेच्या निर्णयात स्थानिक मंडळीची संमती बंधनकारक करणे हे काम मात्र धर्मप्रांतांनी अजून हाती घ्यायचे आहे, आणि ते त्यांनी लवकर घ्यावे.