आकाशातील डोळा आणि किनाऱ्यावरील निवारा

दिनांक २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा ह्या मच्छीमारांच्या गावातून एक अग्निबाण आकाशात झेपावला. अग्निबाण अमेरिकेहून आणलेला होता आणि त्याची जुळवाजुळव गावातील जुन्या चर्चच्या वास्तूत झाली होती. परदेशांतून धान्य आणणाऱ्या राष्ट्राला हा खर्च परवडतो काय, ही शंका मुळीच अनाठायी नव्हती. चंद्रावर जाणाऱ्या धनाढ्य राष्ट्रांशी स्पर्धा हा आपला हेतू नसून समाजाच्या गरजांसाठी हे विज्ञान वापरावयाचे आहे, असे डॉ. विक्रम साराभाई सांगत असत.

हे उत्तर बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर पारखून पाहता येते. भर समुद्रात वेधशाळा नसतात. पूर्वी एखादे जहाज त्या वाटेने गेले तरच वादळाचा सुगावा लागे. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाबरोबरच फिरतो. म्हणून तो एकाच प्रदेशावर स्थिर भासतो आणि मेघांच्या भोवऱ्यावर अहोरात्र दृष्टी ठेवू शकतो. १९८३ साली सोडलेल्या इन्सॅट-१बी ह्या उपग्रहाने ही सोय भारतास स्वतःची म्हणून मिळाली.

परंतु उपग्रह वादळ दाखवितो, थोपवीत नाही. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर महाचक्रीवादळ कोसळले, तेव्हा उपग्रहाची छायाचित्रे उपलब्ध होती. तरीही सुमारे दहा हजार माणसे दगावली. पुढील वर्षांत किनाऱ्यावर पक्के निवारे उभे राहिले, इशारा गावोगाव पोचविण्याची व्यवस्था लागली आणि वादळाचा मार्ग वर्तविण्याचे शास्त्रही सुधारले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ हे वादळ गोपालपूरजवळ धडकले. तत्पूर्वीच सुमारे दहा लाख लोकांना हलविले होते, आणि मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. ह्याचे सारे श्रेय उपग्रहास देणे हा निवारे बांधणाऱ्या गवंड्यांवर अन्याय होईल; मात्र वेळेवर इशारा नसता तर ते निवारे रिकामेच राहिले असते.

त्यानंतर अवघ्या २४ दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, मंगळयान निघाले. त्याचा खर्च सुमारे ४५० कोटी रुपये होता. मंगळाभोवती फिरणारे यान ओडिशाच्या कोळ्याला कसलाही इशारा देत नाही. तेव्हा त्याचे समर्थन वादळाच्या पुण्याईवर करू नये. ते ज्ञानासाठी गेले होते, आणि ज्ञानासाठी एवढी रक्कम योग्य की अयोग्य, हेच त्याच्याबाबत विचारावयास हवे.