व्हॅक्यूम क्लीनर : मालकांच्या कैफियती

एकाच मजल्यावरच्या समोरासमोरील दोन बिऱ्हाडांनी एकाच दुकानातून, एकाच किमतीस आणलेल्या दोन व्हॅक्यूम क्लीनरांपैकी एक नित्याच्या वापरात रुळावा आणि दुसऱ्याची, पुढची दिवाळी उजाडण्यापूर्वीच, मूळच्या खोक्यासह माळ्यावर रवानगी व्हावी, हा प्रकार आपल्या शहरांतून इतका सार्वत्रिक झाला आहे की, दोष यंत्राचा की मालकाचा याचा निवाडा करावयाचा झाल्यास दोन्ही पक्षांच्या कैफियती, आणि त्यापूर्वी खुद्द यंत्राची कुळकथा, ऐकून घेणे प्राप्त आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनमध्ये धूळ हटविण्याचे एक यंत्र दाखविण्यात आले. ते वाऱ्याच्या झोताने धूळ उडवी आणि उडालेली धूळ पुन्हा यथास्थित खाली बसे. ते पाहून ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याच्या मनात आले की, फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये. आणि त्याची प्रचीती घेण्यासाठी त्याने एका उपाहारगृहातील खुर्चीच्या बैठकीवर रुमाल अंथरला, त्यास तोंड लावले व जोराने श्वास ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूस धुळीचा जो डाग उमटला, त्यातून १९०१ साली त्याचे यंत्र निर्माण झाले. ते घोडागाडीतून दारोदार जाई, रस्त्यातच उभे राही आणि त्याच्या लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात शिरत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या प्रसंगी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्यानेच साफ केले. यंत्र बूथचे, धूळ गिऱ्हाइकाची, असा तो सरळ व्यवहार होता. यंत्र सांभाळण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर येतच नसे.

ती जबाबदारी घरात आणली अमेरिकेच्या ओहायो राज्यातील कँटन गावच्या जेम्स मरे स्पँग्लर या सफाई कामगाराने. दुकानातील गालिचे झाडता झाडता दम्याने बेजार झालेल्या या गृहस्थाने १९०७ मध्ये पंख्याची मोटर, साबणाचे खोके, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या सामग्रीवर एक हातयंत्र जुळविले, पुढील वर्षी त्याचे पेटंट मिळविले आणि अखेर त्याचे हक्क चामड्याच्या मालाचे कारखानदार विल्यम हूव्हर यांच्याकडे गेले. बूथ काय किंवा स्पँग्लर काय, दोघांच्याही डोळ्यांसमोर गालिचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण आपल्याकडील निम्म्या तक्रारींचे मूळ मला येथेच दिसते.

महाराष्ट्रातील घर शहाबादी फरशीचे, मोझेकचे किंवा अलीकडे गुळगुळीत टाइल्सचे. या उघड्या भूमीवर केरसुणीचा अंमल निर्वेध चालतो, इतका की लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिला हळदकुंकू वाहण्याचा प्रघात आहे. ज्या मालकाने केरसुणीला बडतर्फ करून तिच्या जागी हे यंत्र नेमले, त्याला वायर गुंडाळणे, प्लग बदलणे, नळी खुर्च्यांच्या पायांतून सोडविणे या कवाइतीचा वीट लवकरच येतो, आणि फरशी तर शेवटी ओल्या फडक्याने पुसावीच लागते. “ताई, त्यापेक्षा माझा हात बरा,” हा कामवाल्या बाईंचा अभिप्राय अशा घरात अखेरचा निकाल ठरतो. परंतु यंत्र घरोघर पोचले ते फरशीच्या आश्वासनावर नव्हे. १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्जने दारोदार विक्रेते धाडून या वस्तूची मध्यमवर्गाशी गाठ घालून दिली, त्या काळापासून प्रात्यक्षिकाचा मुख्य विषय गादी हाच राहिला आहे. नळीच्या तोंडाशी काळे कापड लावावे, नुकत्याच झटकलेल्या गादीवरून नळी फिरवावी आणि कापडावर जमलेली करडी भुकटी यजमानीणबाईंस दाखवावी. आपल्या स्वच्छतेविषयीचा अभिमान असा क्षणात धुळीस मिळाल्यावर चेकबुक बाहेर येण्यास विलंब लागत नसे.

आणि ती भुकटी खोटी नव्हती. जे मालक आजही संतुष्ट आहेत, त्यांनी यंत्राला गाद्या, सोफा, पडदे, खिडक्यांच्या जाळ्या, पुस्तकांची कपाटे आणि मोटारगाडी एवढाच इलाखा तोडून दिला आहे. केरसुणी धूळ ढकलते, फटका ती उडवितो. कापडाच्या विणीत बसलेले कण व धुळीतील सूक्ष्म किडे उचलून बंदिस्त करणे दोहोंसही साधत नाही. घरात कोणास धुळीची ॲलर्जी असेल, तर ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडविणारी हेपा जातीची गाळणी उपयोगी पडते. मात्र यंत्राच्या सांध्यांतूनच हवा निसटत असेल, तर त्या आकड्याचा पाडाव दाराशीच होतो. धुळीची टाकी खोलीत उघडून रिकामी करणाऱ्यास तर कोणतीच गाळणी वाचवू शकत नाही.

‘पहिल्यासारखे ओढत नाही’ ही सर्वांत जुनी तक्रार. यंत्र वस्तुतः ओढत नाही. आतला पंखा मिनिटाला हजारो फेरे घेऊन हवा बाहेर फेकतो, आत दाब उतरतो आणि बाहेरची हवा धुळीसह आत घुसते. पिशवीची छिद्रे बुजली की हा प्रवाह क्षीण होतो, आणि बहुतेक कोरड्या यंत्रांत मोटर थंड राखण्याचे कामही त्याच प्रवाहाकडे असल्याने, नाकात बोळे घालून धावावयास लावलेल्या माणसासारखी तिची अवस्था होते. भिंती घासल्यानंतरचे पुट्टीचे पीठ किंवा रांगोळी या यंत्रात ओढणाऱ्यांची पिशवी हां हां म्हणता बुजते. जेम्स डायसन यांनी पिशवीच काढून टाकून हवा गरगर फिरवीत धूळ वेगळी पाडण्याचा मार्ग धरला, आणि ५१२७ नमुने केल्यावर तो साधला. तरी गाळणी धुण्याचे काम त्यांनाही टाळता आले नाही. दुकानात मालक वॅटचा आकडा विचारतो, तो तर यंत्र किती वीज खाते याचा आहे, किती धूळ उचलते याचा नव्हे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये १६०० आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, म्हणून तेथील गालिचे मळके राहिले नाहीत.

स्वयंचलित चकतीविषयी, जिचा रूम्बा हा अवतार २००२ साली आला, थोडक्यात आटोपतो. २०२० च्या टाळेबंदीत बाईंचे येणे बंद झाल्यावर तिला आपल्याकडे मागणी आली. मोकळ्या, एकसपाट घरात ती रोजची वरवरची धूळ इमानाने टिपते. उंच उंबरठा, लोंबती वायर, जमिनीवर अंथरलेली चटई आणि लांब केस या ठिकाणी ती अडते.

माझे मत विचाराल, तर पुष्कळ घरांस यंत्राची गरज आहे, मालकीची नाही. वर्षातून चार वेळा गाद्या व सोफे स्वच्छ करून देणारे लोक आता मुंबई-पुण्यात यंत्रासह दारी येतात, म्हणजे घोडा वगळता बूथचाच धंदा पुन्हा सुरू झाला आहे. एका परिचित गृहनिर्माण संस्थेने सामाईक वर्गणीतून असा एक व्हॅक्यूम क्लीनर घेतलाही. नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख आणि पिशवी रिकामी केल्याची सही असे तीन रकाने आखून सेक्रेटरींनी वही ठेवली. पहिले दोन रकाने पानोपानी भरलेले आहेत.